न पाहिलेल्या चित्रांचा चित्रकार : वासुदेव गायतोंडे
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या गावाचे नाव देवगाव रंगारी. या नावातले रंगारी आज शोधायला गेले तर सापडणे कठीण. माझी आजी सांगते की तिच्या आजेसासऱ्यांच्या घरी कापड रंगवायचे रांजण होते. एक निळीचा, एक करडईच्या फुलांचा, आणि तुरटी-हिरड्याचे पाणी वेगळे. पुढे पुडीतले रंग आले, मग गिरणीत रंगलेलेच कापड येऊ लागले आणि रांजणांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आजही रंगाचेच काम करतात, पण भिंतींचे. लग्नसराईच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांना जेवायला वेळ नसतो, पावसाळ्यात ते घरी बसून असतात.

हे सारे मी एका थोर चित्रकाराच्या चरित्राच्या आरंभी का सांगते आहे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण पुढे येईलच.

गेल्या वर्षी वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी सरांनी महाराष्ट्रातील कलावंतांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून आमच्यापुढे टाकल्या. कोणाला लताबाई निघाल्या, कोणाला पु. ल., कोणाला बालगंधर्व. माझ्या चिठ्ठीवर वासुदेव गायतोंडे असे नाव होते. मी ते कधीच ऐकले नव्हते. मैत्रिणीने चिठ्ठी बदलून घे असा सल्ला दिला. मीही बदलणार होते, पण कोणी बदलून देईना!

सरांनी सांगितले म्हणून शहरात गेले असताना एका ग्रंथालयात गायतोंड्यांवरचे जाडजूड मराठी पुस्तक पाहिले. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने ते २०१६ साली काढले आहे. पुस्तक घरी नेता येत नव्हते. तिथेच बसून मी पाने उलटली, आणि खरे सांगायचे तर मला रागच आला. चित्रात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. पिवळा रंग, त्यावर काही ठसे, पुन्हा पिवळाच. ओल आलेली भिंत मी घरात रोज पाहते. एवढ्यासाठी तीस रुपये एसटीला घातले का, असे वाटले. राग आला म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. हा मनुष्य लबाड आहे की आपण अडाणी आहोत, याचा निकाल लावायचा होता.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला. घराणे मूळचे गोव्याचे. लहानपण मात्र गेले मुंबईत, गिरगावच्या चाळीत. चित्रकार म्हटला की घरात कोणीतरी राजेरजवाड्यांचा आश्रय असलेला पूर्वज असतो असा माझा समज होता. इथे तसले काही नाही. सामान्य मराठी-कोकणी घरातला हा मुलगा सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडला. पुढे काही काळ तिथेच त्यांनी शिकवलेही.

जे. जे. मध्ये त्या वेळी जगन्नाथ अहिवासी भारतीय पद्धतीची चित्रकला शिकवीत. लघुचित्रे, जैन पोथ्यांतली चित्रे, आणि आपल्या जिल्ह्यातली अजिंठ्याची भित्तिचित्रे यांच्यावर त्या शिक्षणाची उभारणी होती. जे. जे. चा आणि अजिंठ्याचा संबंध फार जुना. १८७२ पासून काही वर्षे ग्रिफिथ्स हे जे. जे. चे प्रमुख आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जाऊन बसत आणि भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती करीत. त्यांतल्या कितीतरी प्रती पुढे १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. आम्ही शाळेतून अजिंठ्याला गेलो तेव्हा अंधारात काही दिसत नाही म्हणून कुरकुर करीत बाहेर येऊन चिवडा खाल्ला होता. ज्या चित्रांसाठी मुंबईची मुले महिनोन् महिने लेण्यांत बसली, ती आम्ही पंधरा मिनिटांत उरकली.

तेव्हा गायतोंड्यांची सुरुवात माणसांच्याच चित्रांनी झाली. सुरुवातीच्या कामांत बायका आहेत, पक्षी आहेत, लघुचित्रांसारखे सपाट, झगझगीत रंग आहेत. ही चित्रे पाहून मला फार बरे वाटले. ज्याला माणूस काढता येत नाही तो ठिपके मारतो, असे आमच्याकडे म्हणतात. यांना माणूस काढता येत होता. त्यांनी तो सोडून दिला. का सोडला हा खरा प्रश्न आहे.

१९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहाजणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. (हुसेन जन्माने पंढरपूरचे, हे मला नव्यानेच कळले आणि अभिमान वाटला.) १९५० मध्ये गायतोंड्यांना या गटात बोलावून घेण्यात आले. गटातल्या मंडळींनी जगाशी भांडणे केली, जाहीरनामे काढले. गायतोंडे गटात होते, पण भांडणात कुठे दिसत नाहीत. याच सुमारास पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराची चित्रे त्यांनी अभ्यासली. क्लेच्या चित्रात रेघ आणि रंग मोकळेपणाने हिंडतात. अमुक वस्तूसारखे दिसलेच पाहिजे असा त्यांच्यावर दाब नसतो. गायतोंड्यांच्या चित्रांतली माणसे हळूहळू रेघा झाली, रेघांच्या खुणा झाल्या, आणि पन्नाशीचे दशक संपता संपता खुणाही रंगात विरघळल्या.

त्या वर्षांत मुंबईत ब्रीच कँडीला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट नावाची जागा होती. समुद्राकाठच्या त्या वास्तूत चित्रकारांना काम करायला खोल्या मिळत. नाटकवाले अल्काझी तिथे, सतारवादक रविशंकर तिथे, हुसेन तिथे. गायतोंडे तिथे बसून समुद्राकडे तासन् तास पाहत असत, असे त्यांचे स्नेही सांगतात. या काळातली त्यांची चित्रे आडवी आहेत, आणि त्यांत कुठेतरी क्षितिजासारखा पट्टा येतो. पाहणारा म्हणतो हा समुद्र. गायतोंड्यांना मात्र असे काही म्हणणे मान्य नव्हते. आपण कशाचेही चित्र काढत नाही, अशी त्यांची भूमिका होती. अमूर्त हा शब्दही त्यांना चालत नसे, कारण त्यात मुळात एक मूर्त वस्तू होती आणि ती पुसली असा भाव येतो. नावेसुद्धा ते देत नसत. बहुतेक चित्रे शीर्षकावाचून आहेत, नाहीतर पेंटिंग आणि पुढे आकडा. सहीदेखील चित्राच्या पाठीमागे, पुष्कळदा देवनागरीत. ज्याची चित्रे न्यूयॉर्कला लागली तो पाठीमागे देवनागरीत सही करतो, हे मला आवडले.

आता प्रदर्शनांकडे वळते, कारण चित्रकाराचे सार्वजनिक आयुष्य म्हणजे त्याची प्रदर्शनेच. १९५७ मध्ये टोकियोला तरुण आशियाई चित्रकारांचे प्रदर्शन भरले. त्यात गायतोंड्यांना पहिले पारितोषिक मिळाले. तेव्हा ते तेहतीस वर्षांचेही नव्हते. जपानशी त्यांचे नाते पुढे वेगळ्या वाटेने वाढत गेले. झेन बौद्ध विचार त्यांनी मनापासून वाचला. इकडे रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईच्याच खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. पुष्कळ लेखक यावरून त्यांना संतच करून टाकतात. मला ते तितकेसे पटत नाही. रंगात हात घालून काम करणारा माणूस होता तो; रंग कधी वाळतो याचा हिशेब त्याला रोज ठेवावा लागे.

१९६३ च्या सुमारास मॉरिस ग्रेव्ह्ज नावाचे अमेरिकन चित्रकार भारतात आले. त्यांनी गायतोंड्यांची चित्रे पाहिली आणि न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीच्या मंडळींना त्यांच्याविषयी कळवले. पुढच्याच वर्षी रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती मिळून गायतोंडे १९६४-६५ मध्ये न्यूयॉर्कला राहिले. मुक्काम चेल्सी हॉटेलात, जिथे कलावंत आणि लेखक मंडळी उतरत. तिथे त्यांनी मार्क रॉथको या चित्रकाराची भेट घेतली, असे त्यांचे मित्र कृष्ण खन्ना यांनी सांगितले आहे. रॉथकोही रंगाचे मोठमोठे धूसर पट्टे रंगवीत. त्यामुळे गायतोंडे म्हणजे भारताचे रॉथको असे सरसकट म्हणण्याची पद्धत पडली. ही तुलना मला अन्यायाची वाटते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गायतोंड्यांचे जे चित्र आहे ते १९६२ मधले. म्हणजे अमेरिकेला जाण्याच्या आधीच त्यांची वाट ठरलेली होती. आपला माणूस चांगला निघाला की तो कोणासारखा आहे हे आधी शोधायचे, ही आपल्याकडची खोड आहे. आमच्या वर्गात कोणी कविता केली तरी तिला लगेच कोणाची तरी नक्कल म्हणतात.

परत आल्यावर त्यांची प्रदर्शने मुंबईत पंडोल आर्ट गॅलरी, ताज आर्ट गॅलरी अशा ठिकाणी भरत राहिली. घेणारे फार नव्हते. पण जे घेत ते मन लावून घेत. डॉ. होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रांचा जो मोठा संग्रह उभा केला, त्यात गायतोंडे आहेत. अणूंचा अभ्यास करणारे लोक जेवायला जाता-येता ही चित्रे पाहत असतील, याची मला गंमत वाटते. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८३ मध्ये ललित कला अकादमीने ज्ञानेश्वर नाडकर्णींचे त्यांच्यावरचे पुस्तक काढले. पुढे मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मानही आला.

पण हे सारे झाले कागदावरचे. मला ज्यात रस वाटला ते त्यांचे काम करण्याचे तंत्र.

गायतोंडे कॅनव्हासवर रंग चढवीत ते प्रामुख्याने रोलरने आणि पॅलेट नाईफने. होय, रोलरने! रंगाचा एक हात द्यायचा, त्यावर दुसरा, मधला ओला असताना पट्टीने खरवडायचा, खालचा हात थोडा वर येऊ द्यायचा. वर्तमानपत्राचे, मासिकांचे कागद फाडून वा कापून त्यांना रंग लावायचा, ते कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलायचे. राहिलेला ठसा कधी अक्षरासारखा दिसतो, पण वाचता येत नाही. रंग असा पातळ पातळ चढत गेल्याने चित्राच्या आतून उजेड येतो आहे असे वाटते. एका चित्राला फार वेळ लागे, आणि हात चालण्यापेक्षा बसून पाहण्यातच तो जास्त जाई. वर्षाला पाच-सहा चित्रे झाली तरी पुष्कळ.

हे वाचून मी पुस्तकातल्या एका पिवळ्या चित्राचा मोबाइलवर फोटो घेतला आणि रात्री अण्णांना दाखवला. कोणाचे आहे, किती किमतीचे आहे, काही सांगितले नाही. अण्णांनी चष्मा लावला. फोटो बोटांनी मोठा केला, कोपऱ्यात नेला, पुन्हा मधे आणला. मग म्हणाले की खाली एक तांबूस हात आहे, तो पुरता वाळू दिलेला नाही, आणि वरचा पिवळा मुद्दाम पातळ ठेवलेला आहे. हा रोलर मारणारा घाईतला माणूस नव्हे. मी पुस्तकात दोन दिवस बसून जे वाचले ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितले. नंतर त्यांनी असेही सांगितले की भिंतीला असे झाले असते तर मालकाने पैसे कापले असते.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रथम वर्षाच्या प्रवेश अर्जावर वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता. मी तिथे शेती असे लिहिले. आम्हाला शेती नाही. रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या मुली माझ्या अर्जात डोकावत होत्या, आणि अण्णांचे रंगाने माखलेले कपडे माझ्या डोळ्यांसमोर आले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. त्या दिवशी अण्णांनीच मला मोटारसायकलवर सोडले होते आणि ते फाटकाबाहेर थांबले होते. ही गोष्ट मी अजून घरी सांगितलेली नाही. अंक छापून आला की सांगावी लागेल.

१९७२ मध्ये गायतोंडे मुंबई सोडून दिल्लीला गेले. निजामुद्दीन पूर्व भागात गच्चीवरची एक खोली त्यांनी घेतली. दिल्लीत अशा खोलीला बरसाती म्हणतात. लग्न केलेले नव्हते. सामान थोडके, संगीत मात्र भरपूर, आपले शास्त्रीय आणि पाश्चात्त्यही. लोकांत मिसळणे त्यांनी जवळजवळ सोडले. याच खोलीत त्यांची उभी, उंच, सर्वांत गाजलेली चित्रे तयार झाली. मुंबईत समुद्र होता, इथे तोही नव्हता. तरी चित्रे अधिक खोल होत गेली. यावरून मला वाटते की समुद्र हा तेव्हाही चित्राचा विषय नसावा.

१९८४ मध्ये दिल्लीच्या रस्त्यावर त्यांना मोठा अपघात झाला. शरीर कायमचे अधू झाले. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर फिरवणे, पट्टीने खरवडणे हे अंगमेहनतीचे काम आहे. ते बंद पडले. काही वर्षे मोठे चित्र झालेच नाही. मग त्यांनी लहान कागद घेतले आणि शाईने थोडक्या खुणा काढल्या. मला या कागदांविषयी फार वाटते. मागच्या वर्षी अण्णा शिडीवरून पडले, मनगट मोडले आणि तीन महिने घरी होते. त्या तीन महिन्यांत ते डाव्या हाताने माझ्या जुन्या वह्यांच्या मागे नुसत्या रेघा मारीत बसायचे. आई रागवायची की कागद वाया जातो. रिकाम्या हाताचे काय करायचे हे त्यांना कळत नव्हते. गायतोंड्यांना ते कळले असावे, कारण त्यांचे कागद वाया गेलेले दिसत नाहीत. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले आणि १९९८ पर्यंत रंगवीत राहिले. त्यानंतर थांबले. मनात चित्रे होत राहतात, ती उतरवण्याची गरज उरली नाही, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणत. हे खरेच समाधान होते की शरीराने केलेला नाइलाज, हे मी ठरवू शकत नाही.

१० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. गाजावाजा झाला नाही.

आणि मग सुरू झाले ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलाव संस्थेने भारतात पहिला लिलाव मुंबईला केला, त्यात गायतोंड्यांचे १९७९ चे एक चित्र २३ कोटी ७० लाखांच्या वर गेले. मार्च २०२१ मध्ये १९६१ चे एक चित्र सॅफ्रनआर्टच्या लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेले. गच्चीवरच्या एका खोलीत राहिलेल्या माणसाला यातला एक पैसाही मिळाला नाही. मैत्रिणींना हे आकडे सांगितले तेव्हा त्यांना गायतोंडे एकदम आवडू लागले. मला या आकड्यांची चीडही येते आणि त्यांचा उपयोगही होतो, कारण आकडा सांगितल्याखेरीज कोणी ऐकून घेत नाही.

खरा मान झाला तो २४ ऑक्टोबर २०१४ ला. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्या दिवशी त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन उघडले. संयोजन संधिनी पोद्दार यांचे. सुमारे ४५ चित्रे आणि कागदावरची कामे वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांतून गोळा करून आणली होती. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते चालले, आणि ऑक्टोबरमध्ये तेच इटलीत व्हेनिसला गेले. मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. टोकियो, न्यूयॉर्क, व्हेनिस अशी ही चित्रे जगभर हिंडली. मी मात्र त्यांतले एकही प्रत्यक्ष पाहिलेले नाही. मी जे पाहिले ते छापलेले, आणि छापलेल्यात हातावर दिलेले हात दिसत नाहीत. म्हणजे सबंध लेख मी न पाहिलेल्या चित्रांवर लिहिला, हा दोष मान्य करते. लबाडी की अडाणीपणा, याचा अर्धा निकाल अण्णांनी लावला. उरलेला मूळ चित्रासमोर उभे राहूनच लागेल.

आपली सहल दरवर्षी वेरूळला जाते. वेरूळ जवळ आहे, खर्च कमी, सगळे खरे. तरी यंदा मुंबईचा विचार व्हावा असा अर्ज आम्ही सातजणींनी सरांकडे दिला आहे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तिथे आहे, आणि गायतोंड्यांचे एखादे चित्र भिंतीवर असेल का याची आधी चौकशी करतो, असे सर म्हणाले. घरी हे सांगितल्यावर अण्णांनी एवढेच विचारले की तिथे चित्राच्या बाजूला उभे राहून पाहू देतात का. भिंतीचा हात कसा बसला आहे ते समोरून कळत नाही. कडेला जाऊन, खिडकीचा उजेड तिरपा घेऊन पाहावे लागते.